आधी अक्षर, मग वेलांटी

बाई,

तुम्ही मला शिकवलेली पहिलीच गोष्ट आता चुकीची ठरली आहे. आधी वेलांटी, मग अक्षर. रामआळीतल्या तुमच्या माडीवरच्या टायपिंग क्लासात, खिडकीशेजारच्या त्या जड मशीनवर तुम्ही माझी बोटं हातात धरून हे शिकवलंत. पहिली वेलांटी आधी मारायची, मग तिच्या पोटात अक्षर बसवायचं, आणि रफार मात्र अक्षर झाल्यावर. तीस वर्षं मी कोर्टाबाहेरच्या टेबलावर हेच करत आले. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वारसाचे अर्ज, सगळं. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटर जाऊन लॅपटॉप आला, पण टायपिंगचं जे सॉफ्टवेअर मी घेतलं होतं त्यात अक्षरांची मांडणी तुमच्याच मशीनची होती, म्हणून बोटांना काही कळलंच नाही. आता कळलं आहे. आता आधी अक्षर आणि मग वेलांटी. माझं वय एकोणपन्नास आहे आणि मी पुन्हा पहिलीत बसले आहे, आणि खरं सांगायचं तर मला ह्या सगळ्याचा इतका संताप आला आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लॅपटॉप माझा नव्हे, मुलीचा. ती कॉलेजात असताना दुकानातला सगळ्यात साधा घेतला होता. ती नोकरीला पुण्याला गेली, तिने चांगला घेतला आणि हा माझ्याकडे आला. सुरुवातीला बरा चालला. मग त्याला काय झालं देव जाणे. बटण दाबावं, समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेऊन यावा, तरी पडद्यावर तो गोल फिरतोच आहे. दुकानदाराने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, ताई, ह्याच्यावर आता नवीन सिस्टिम चढत नाही, टाकून द्या. टाकून द्या म्हणायला त्याचं काय जातं! गणपतीत मुलगी आली तेव्हा तिने एक पेनड्राइव्ह बनवून ठेवला. म्हणाली, "आई, ह्यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालतं. फुकट असतं, कुणीही वापरावं. जुन्या मशीनवर छान पळतं. पण तू हात लावू नकोस, दिवाळीला आले की मी लॅपटॉपवर चढवून देते. तुला एकटीला नाही जमायचं."

बाई, हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी ते कुणाला म्हटलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मशीनवरच्या परीक्षा बंद होणार अशी बोलणी सुरू झाली तेव्हा तुम्ही साठीला आला होतात. माडीवरची मुलं कमी कमी होत गेली आणि एक दिवस तुम्ही कॉम्प्युटर घेतलात, त्याच्यावर मशीनला घालायचं तसंच प्लास्टिकचं कव्हर शिवून घातलंत, आणि मला निरोप पाठवलात की रविवारी ये, मला दाखव. दोन रविवार मी आले. तुम्ही वही घेऊन बसला होतात. पहिल्या पानावर तुमच्या त्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: बटण दाबणे. थांबणे. माउस उजव्या हातात धरणे. माउस टेबलाच्या कडेला आला की तुम्ही तो उचलून हवेत धरत होतात आणि बाण हलत नाही म्हणून माझ्याकडे बघत होतात. मला घरी मुलगी तापाने फणफणलेली, स्वयंपाक पडलेला. मी म्हटलं, "बाई, ह्या वयात कशाला हा त्रास? तुम्हाला नाही जमायचं." तुम्ही वही मिटलीत, कव्हर घातलंत, आत जाऊन चहा टाकलात आणि मला विचारलंत, "साखर तेवढीच ना गो?" तिसऱ्या रविवारचा निरोप आलाच नाही, आणि मीही आले नाही.

तर, शुक्रवारी जयगडची एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिच्या नवऱ्याची मासेमारीची होडी होती; तो पावसाळ्याआधी वारला. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं एक आडनाव, होडीच्या कागदांवर दुसरं, गावावरून पडलेलं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र झाल्याशिवाय होडी तिच्या नावावर होत नव्हती. नेहमीचं काम, दहा मिनिटांचं. मी अर्धा मजकूर टाईप करून सेव्ह केला आणि लॅपटॉप बसला. गोल फिरायला लागला तो फिरतच राहिला. ती समोर पदर सावरून बसलेली, मी टेबलाची फळी बोटांनी वाजवते आहे. अर्धा तास गेला, एक तास गेला. शेवटी तिला म्हटलं, सोमवारी या, नक्की देते. ती एवढंच म्हणाली, "सोमवारी देशील ना गो बाय? गाडी एकच हाय सकाळची." मी हो म्हटलं.

म्हणून रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो पेनड्राइव्ह खोचला. बांगड्यांना मीठ-मसाला लावून ठेवला होता, म्हटलं हे होईपर्यंत मुरतील. लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक बटण दाबायचं असतं म्हणे, पण कुठलं ते प्रत्येक लॅपटॉपचं वेगळं, आणि दाबायला मिळतो जेमतेम एक श्वास. एक बटण दाबलं, जुनीच सिस्टिम आली. बंद केला. दुसरं दाबलं, काळ्या पडद्यावर काहीतरी आलं आणि वाचायच्या आत गेलं. सातव्या की आठव्या खेपेला जमलं. पुढे विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसू का? माझे मसुदे मी आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतले होते, तरी प्रश्न दोनदा वाचला. मी हो म्हटलं. तासाभरात झालं, आणि खोटं कशाला बोलू, लॅपटॉप चटकन सुरू झाला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

ते हसू फार टिकलं नाही. वायफाय लागेना. मुलीला फोन केला.

"वर उजवीकडे वायफायचं चिन्ह दिसतंय का?"

"उजवीकडे घड्याळ आहे."

"घड्याळाच्या शेजारी?"

"शेजारी बॅटरी. चिन्हबिन्ह काही नाही गं. असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

"आई, चिडू नकोस. मी सांगितलं होतं दिवाळीला येते म्हणून."

"ते सोड. आता काय करू ते सांग."

तिने सांगितलं, मोबाइल वायरने लॅपटॉपला जोड आणि मोबाइलचं नेट त्याला दे. ते जमवायला आणखी तास गेला, मग वायफायसाठी लागणारं काहीतरी उतरलं आणि ते चिन्ह एकदाचं उगवलं. तोवर दुपार झाली होती. मी माझ्या मसुद्यांचा पेनड्राइव्ह लावला, जयगडच्या बाईची फाईल उघडली, आणि बाई, पडद्यावर मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, आकडे, कसलीही कशाला लागलेली. दुसरी फाईल उघडली, तेच. दहा उघडल्या, दहाही तशाच. इतक्या वर्षांचं टाईप केलेलं सगळं असं, जणू कुणी डोळे मिटून बटणं बडवली आहेत. मुलगी म्हणाली, "तुझं ते जुनं सॉफ्टवेअर इथे चालणार नाही. त्याचा फॉन्ट पाठवते, वाचता येईल. पण नवीन लिहायचं तर युनिकोडमध्ये. सगळीकडे तेच आहे आता, आई."

फॉन्ट आला, मसुदे वाचता यायला लागले. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत मी लिहायला बसले आणि बोटांनी हात टेकले. ह्या युनिकोडच्या कीबोर्डवर सगळे स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. मी सवयीने वेलांटी आधी मारते, तर पडद्यावर टिंबाटिंबांचं एक रिकामं वर्तुळ येतं आणि त्याला वेलांटी लटकते. शब्दाच्या मधे असेल तर त्याहून वाईट: वेलांटी गुपचूप मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. एका पानाला मला तीन तास लागले. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा मी तुमच्या हाताखाली पहिल्या खेपेत पास झाले होते. एकदा मी चुकलेलं अक्षर ब्लेडने खरवडून सारखं केलं होतं, तुम्ही कागद उजेडात धरलात, उभा फाडलात आणि म्हणालात, "चूक लपवायला शिकायचं असेल तर दुसरा क्लास बघ. परत मार." मी रडत परत मारला होता. रविवारी रडले नाही, पण मुलीचा फोन आला तेव्हा तिच्यावर ओरडले. ती बिचारी जेवलीस का विचारायला फोन करत होती. बांगडे तसेच राहिले.

सोमवारी प्रिंटर नव्या सिस्टिमला ओळख देईना. शेजारच्या टेबलावरून प्रिंट काढून आणली. जयगडची बाई साडेदहाला आली, सही केली, कागद घेऊन आत गेली आणि वीस मिनिटांत बाहेर आली. कारकुनाने परत पाठवली होती. चौथ्या ओळीत तिच्या नवऱ्याच्या आडनावातली वेलांटी एक अक्षर मागे सरकली होती. वर बरोबर, खाली बरोबर, चौथ्या ओळीत भलतंच. दोन नावांचा माणूस एकच आहे असं सांगणाऱ्या कागदात मी तिसरं नाव घातलं होतं.

मी नव्या सिस्टिमवर, कारकुनावर, गरमीवर खापर फोडायला तोंड उघडलं. ती माझ्यासमोर बसली, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाय, जिता व्हता तवा त्याला एकच नाव व्हतं. मेला नि तीन झाली."

ती चिडली नव्हती. तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "माझी चूक झाली. तुम्ही इथे माझ्या बाजूला येऊन बसा." स्टूल ओढून ती बसली. मी परत सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून. तिला वाचता येत होतं, सावकाश. प्रत्येक नाव आलं की मी थांबायचे, ती पडद्याजवळ डोळे नेऊन अक्षरं लावायची आणि "हां" म्हणायची, मग मी पुढे जायचे. मधे बोटं दोनदा जुन्या वाटेने गेली, दोन्ही वेळा तिनेच पकडलं. "बाय, ती बघ, पळाली." मला हसू आलं, तिलाही आलं. दहा मिनिटांच्या कामाला सव्वा तास लागला. बाकीची गिऱ्हाइकं दुसऱ्या टेबलांकडे गेली. तिची परतीची दुपारची गाडी चुकली, पण कागद घेतला गेला. जाताना तिने पिशवीतून सुक्या जवळ्याची पुडी काढून टेबलावर ठेवली. मी नको नको म्हणत होते तोवर ती गेटापाशी पोचली होती.

ह्याला आता महिना झाला. मुलगी दिवाळीला येऊन गेली, प्रिंटर तिने लावून दिला, बाकी मी केलं. ती म्हणाली, "जमलं की गं तुला." जमलंय असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप पळतो, मीच मागे पडते. रोज सकाळी कोर्ट उघडायच्या आधी मी अर्धा तास एकेका अक्षराच्या ओळी मारते, शाळेतल्या मुलीसारख्या, आणि रोज एकदा तरी वैतागून झाकण आपटते. बाजूचा स्टॅम्पवेंडर हसतो. परवा त्याला म्हटलं, माझ्याकडे बघून हसायचं असेल तर उद्यापासून खुर्ची तिकडे फिरवा. त्याने तेव्हाच खुर्ची फिरवली. मला वाईट वाटलं. आजकाल मी फार लवकर तोडून बोलते, बाई. कदाचित पूर्वीपासूनच बोलत असेन.

हे मी पेनाने लिहिते आहे, फुकट गेलेल्या प्रिंटांच्या कोऱ्या बाजूवर. अशी पानं माझ्याकडे भरपूर साठली आहेत. हे कुठे पाठवायचं नाही, खणात टाकेन. टाकायच्या आधी एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मला सकाळीच कळलं होतं. मी पोचले नाही. नंतर भेटायला आले तेव्हा तुमच्या भावाला सांगितलं की त्या दिवशी मी कामासाठी चिपळूणला गेले होते, निरोप संध्याकाळी मिळाला. ते म्हणाले, "असू दे, तुमचं नाव ती नेहमी घ्यायची." मी चिपळूणला गेले नव्हते. माझ्या टेबलावरच बसले होते, आणि समोर गिऱ्हाईकही नव्हतं.