नऊ ग्रॅम जास्त

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळचे सव्वासात. दुकानाचं शटर अर्धं वर करून पार्सलचा वजनकाटा पुसत होतो. तो बाजूला सारून लिहायला बसलो आहे.

ताई, नमस्कार. मी ठीक आहे, खोकला गेला. भाऊजींच्या पाठीला आराम पडला असेल असं धरून चालतो. आईला तू दिलेलं स्वेटर बरोबर बसलं. शब्दकोश जवळ घेतला आहे, तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नकोस.

साबणाच्या पुड्यातले प्राणी आठवतात का? तू पावडरीत कोपरापर्यंत हात घालायचीस आणि आईचा धपाटा खायचीस. डबल जिराफ निघाला की आपली चैन, कारण शेजारच्या मुलीला तो देऊन पाणघोडा आणता यायचा. पाय तुटला तर तू तो मेणबत्तीवर तापवून चिकटवायचीस. आता आमच्या खेळण्यांच्या दुकानात येतात त्या बंद पेट्या. आत बारांपैकी कुठली बाहुली आहे ते कळत नाही. तेरावी ‘गुप्त’, पेटीवर तिची नुसती काळी सावली छापलेली. डबल निघाली की लोकांची तोंडं पडतात. मोठी माणसं तर पेटी फोडतच नाहीत, भाव चढेल म्हणून कपाटात ठेवतात.

हे तुला मी काय सांगणार? तुझी लेक वर्षभर तेच जमवते आहे. मी उगाच विषय लांबवतो आहे.

गुप्त बाहुलीच्या डोक्यावर धातूचा मुकुट असतो, म्हणून ती पेटी नऊ ग्रॅम जास्त भरते. हे मला फेब्रुवारीत कळलं. तुम्ही सगळे मला काटेकोर म्हणता ना? खोका आला की दुकान उघडण्याआधी मी एकेक पेटी काट्यावर ठेवतो. जड निघेल ती पूर्ण किंमत भरून, पावती फाडून मीच घेतो आणि एका हौशी माणसाला पाचपट भावाने विकतो. पावती आहे म्हणजे चोरी नाही, अशी मनाची समजूत घातली. उरलेल्या फळीवर लागतात. फेब्रुवारीपासून तू घेतलेल्या सोळाही पेट्या त्या फळीवरच्या.

शनिवारी तुम्ही दोघी आलात तेव्हा ती पेट्यांना हात लावेना. “मामा, तूच निवड. माझा हात वाईट आहे.” तू म्हणालीस, मामाच्या हातची म्हणजे लागलीच समज. मग मी डोळे मिटले, तीन पेट्या कानाशी हलवल्या, एकीवर फुंकरसुद्धा मारली. जड पेटी सकाळीच काढलेली होती, माझ्या डब्याच्या पिशवीत, तुमच्यापासून दोन हातांवर.

पेटीतून सशाचीच बाहुली निघाली, तिच्याकडची चौथी. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाली, “जाऊ दे मामा, तुझापण हात वाईट निघाला.”

निघताना तू गंमत म्हणून सांगितलंस की शाळेच्या नाटकासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा हिने आपली चिठ्ठी मैत्रिणीला उचलायला लावली. मी हसलो.

काल मालकांना सगळं सांगितलं. वाटलं, कामावरून काढतील, निदान ओरडतील. ते म्हणाले, “अरे वेड्या, आधी बोलला असतास तर निम्मं-निम्मं केलं असतं.” आणि चहा मागवला. मला तो पिववला नाही.

शनिवारची पेटी अजून माझ्याकडे आहे. ती पाठवत नाही. आली तर तिला वाटेल नशीब उघडलं, आणि ते पुन्हा खोटंच. त्याऐवजी हे पत्र तिला पूर्ण वाचून दाखव, फुंकर मारली तेही. ती माझ्याशी बोलली नाही तर चालेल. पण पुढची चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने उचलावी.

तुझ्या पेट्या सोळा, दर तीनशे, एकूण चार हजार आठशे. पाकिटात दोन हजार आहेत. बाकी अठ्ठावीसशे पगाराला देतो. कुणाकुणाच्या पोरांनी त्या फळीवरून किती पेट्या नेल्या, ते मोजायला बसलो होतो. तो आकडा निघाला नाही.

तुझा धाकटा भाऊ
(मामा म्हणून सही तिने हो म्हटलं तरच.)