वैशालीची पांढरी प्लेट

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वैशालीची जिवाणूंची प्लेट आज पुन्हा पांढरीच. जिवाणू एकमेकांना रसायन सोडून निरोप देतात. निरोप पोचला की आमचा चाचणीचा जिवाणू जांभळा होतो. तिच्याकडे तीन महिन्यांत एकदाही नाही.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझे जिवाणू मुके आहेत की तूच मठ्ठ आहेस?" लॅबभर हशा.

कारण मला माहीत आहे. लॅबमधला पीएच मीटर चुकीचा आकडा दाखवतो. तिचा मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, जास्त अल्कलाइन होतो आणि त्यात ते रसायन तुटून जातं. मी आपली गुपचूप पीएचची पट्टी वापरते. दिवाळीआधीच तिला सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? पारनेरहून एसटीने येऊनही ती माझ्याआधी हजर असते, म्हणून? सर एकदा तिला हुशार म्हणाले, म्हणून? हो, म्हणूनच.

संध्याकाळी ती बॅग भरून माझ्या टेबलापाशी आली. उद्यापासून येणार नाही म्हणाली. हातात तीच पांढरी प्लेट.

"ताई, समदे हसले. तुमी एकट्याच काही बोलल्या न्हाई. लई बरं वाटलं."

मी तिच्या हातातून प्लेट घेतली आणि म्हटलं, "नीघ आता, एसटी चुकेल."