एका वेळी एकच वायर

मी, या घराचा मालक, धंद्याने मोटार मेकॅनिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उद्या हृदयाचे ऑपरेशन आहे म्हणून घाईत लिहितो आहे, तेव्हा अक्षरावरून कोणी फाटे फोडू नयेत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायचा राहून गेला, त्याबद्दल ती मला बोलेलच.

२. गॅरेजमधली सगळी हत्यारे मुलीस. जावयाने पाना मागितल्यास तिने द्यावा, पण पुसून परत घ्यावा.

३. मोटारही पत्नीसच. खरे तर हे कलम लिहायलाच मी बसलो आहे. ठिणगीसाठी वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून स्पार्क प्लगपर्यंत चार वायरी जातात. सिलिंडर रांगेत एक, दोन, तीन, चार असे असले तरी ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पडते. म्हणून वायर बदलताना एका वेळी एकच काढावी, तिच्या जागी नवी घट्ट बसवावी, मगच दुसरीला हात लावावा.

हे मी मेहुण्याला सांगितले होते. "दाजी, एकेक करत बसलो तर दिवस जाईल," म्हणत त्याने चारही एकदम उपटल्या आणि दोन व तीनची अदलाबदल करून ठेवली. गाडी अर्ध्या ताकदीवर रडतखडत निघाली आणि पुलाच्या चढावर बंद पडली. आत माझी पत्नी एकटी होती. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि खाली उतरून मदतीला यायला कोणी तयार नाही. मेहुणा नंतर म्हणाला, "जरा इकडचं तिकडे झालं, एवढं काय?" ते वाक्य मी अजून गिळलेले नाही. पूल आला की तिची बोटे आजही स्टिअरिंगवर पांढरी पडतात.

हॉस्पिटल त्याच पुलापलीकडे आहे. उद्या मला सोडून ती एकटीच परत येणार. तिला विचारले, "जमेल ना?" म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा. गाडीचं मी बघते." एवढे बोलून तिने किल्ली पर्समध्ये टाकली, काढली, पाहिली आणि पुन्हा टाकली.

आज मी चारही वायरी एकेक करून बदलल्या व त्यांवर रंगाने आकडे घातले. इंजिन छान चालले. तरी जेवताना शंका आली, म्हणून उठून पुन्हा बॉनेट उघडले. बरोबर आहे. मला मरणाची भीती वाटते, पण पत्नी त्या चढावर पुन्हा अडकेल याची जास्त वाटते.

४. मेहुण्यास काहीही नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मला साक्षीला तोच हवा आहे, म्हणजे कलम तीन त्याला वाचावेच लागेल. त्याने यापुढे बॉनेटला हात लावू नये.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही). सही माझ्यासमोर झाली.
२. पत्नीचा धाकटा भाऊ (सही). वाचलं, दाजी. बॉनेटला हात लावणार नाही. उद्या येताना ताईच्या शेजारी बसतो.