प्लग न लावता

४ जानेवारी, शनिवार
जुनी इलेक्ट्रिक गिटार विकली. लाकडाचा नुसता ठोकळा. अँप्लिफायरशिवाय डासाएवढा आवाज. आणि अँप घरात लावता येत नाही, कारण बायको नर्स, रात्रपाळी करून येते आणि दिवसा झोपते. तिची झोपमोड करून साधना करणाऱ्यांतला मी नाही. (दोनदा केली. तिसऱ्यांदा अँपची वायर सापडली नाही.)
संकल्प : पोकळ बॉडीची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची. घरी प्लग न लावता वाजली पाहिजे, बँडमध्ये प्लग लावून. महिन्याभरात निर्णय.
बँड म्हणजे कॉलेजातले तीन मित्र आणि मी. शनिवारी दुपारी ढोल्याच्या गॅरेजमध्ये तालीम. ढोल्या ड्रम्स वाजवतो. बावीस मार्चला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. त्याला सांगितलं, गिटार येईपर्यंत तालमीला येत नाही. तो म्हणाला, तोवर माझ्याकडची जुनी वाजव. नम्रपणे नकार दिला. परक्या गिटारवर माझा हात मोकळा होत नाही.

१२ जानेवारी, रविवार
दुकानात गेलो. सोबत मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गुणी आहे, गप्प बसतो. गिटारही थोडीफार वाजवतो. पद्धत अशी : मी वाजवायचं, त्याने माझ्याकडे पाठ करून बसायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. लाल, जाड बॉडीच्या गिटारला त्याने आठ दिले. मला खर्ज जरा बोंब मारतोय असं वाटलं. दुकानदार म्हणाला, ही पुष्कळ लोक नेतात. म्हणजे गर्दीची आवड. बाद.
दुकानदाराने ज्ञान दिलं. मध्ये ठोकळा असलेली अर्धपोकळ गिटार प्लगशिवाय पुटपुटते. पूर्ण पोकळ असेल ती घरी छान बोलते, पण अँपजवळ नेली की किंचाळते. कुठे तरी तडजोड करावी लागते, साहेब. मी म्हटलं, तडजोडीला लग्न पुरेसं आहे. मेहुणा हसला नाही. विनोद कळायला वेळ लागतो त्याला.

२ फेब्रुवारी, रविवार
आतापर्यंत सात गिटारी. सातही बाद. महिना संपला, पण घाईने घेतलेली गिटार आणि घाईने बसवलेली कवळी जन्मभर टोचते. (मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो. अनुभवाचे बोल.)
लॅबमध्ये एक कवळी वाकडी गेली. साच्यातच दोष होता असं डॉक्टरांना कळवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
ढोल्याचा फोन. येतोयस का? म्हटलं, निवड अंतिम टप्प्यात आहे. तो म्हणाला, मग तात्पुरतं कोणाला तरी घेऊ का? मोठ्या मनाने परवानगी दिली. कोणाला, ते विचारलं नाही. चार तालमी त्या माणसाला घाम फुटू दे, म्हणजे माझी किंमत कळेल.

१ मार्च, शनिवार
मेहुण्याला दुकानात चल म्हटलं, तर काम आहे म्हणाला. सलग तिसरा शनिवार. बायकोला विचारलं, याला शनिवारीच कसलं काम असतं? ती चादरीची घडी घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. म्हणाली, असेल काही तरी.

८ मार्च, शनिवार, दुपारी साडेचार
एकटाच दुकानात गेलो. लाल गिटार खुंटीवर नव्हती. कोणी नेली, सहज विचारलं. दुकानदार खुशीत म्हणाला, तुमच्याबरोबर यायचे ना, पाठ करून बसायचे, त्यांनीच. तीन आठवडे झाले. तुम्हाला माहीत नव्हतं? म्हटलं, माहीत होतं की.
तिथून तडक ढोल्याचं गॅरेज. शटर अर्धं खाली. आत आमचंच गाणं चालू होतं, आणि माझ्या जागेवर ती लाल गिटार. खर्ज बोंब मारत नव्हता. शटर वाजवलं नाही. परत आलो.
ज्याला ऐकायला शिकवलं त्यानेच केसाने गळा कापला.

९ मार्च, रविवार
बायकोला सगळं माहीत होतं. घरचा भेदी म्हणतात तो हाच. ड्यूटीला निघताना घड्याळ बांधत म्हणाली, तो आधी मलाच विचारायला आला. मीच त्याला म्हटलं, वाजव. ढोल्याभावोजींनी तीनदा फोन केला, तुम्ही मला सांगायला लावलंत की लॅबमध्ये आहेत. होतात का लॅबमध्ये?
हा मूळ मुद्दा नाही.
संध्याकाळी मेहुणा आला. मान खाली. भावोजी, गिटार तुम्ही घ्या, बावीसला तुम्हीच वाजवा, माझं काही नाही. म्हटलं, उपकाराच्या खुर्चीवर मी बसत नाही. तो चहा न घेता गेला.

१६ मार्च, रविवार
गिटार घेतली. एकट्याने, दहा मिनिटांत. मार्क द्यायला कोणी नव्हतं. तपकिरी, पूर्ण पोकळ. प्लगशिवाय खोली भरून टाकते.
योजना : बावीसला ही घेऊन हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायचं. ढोल्या बघेल, खजील होईल, स्टेजवर बोलावेल. दोनदा नाही म्हणायचं, मग जायचं.

२२ मार्च, शनिवार
पहिली रांग राखीव होती. तिसरीत बसलो, गिटारची केस गुडघ्यांत धरून. ढोल्याने बघितलं, काठी उंचावून हसला आणि सुरू केलं. मेहुणा दोनदा चुकला. लोकांना कळलं नाही. टाळ्या भरपूर.
मध्यंतरात ढोल्या खाली आला. केस उघडायला लावली, एक तार छेडली, डोळे मिटले. म्हणाला, आवाज काय सुंदर आहे रे. मग म्हणाला, आम्ही तुला काढलं नाही. सहा शनिवार तुझ्यासाठी खुर्ची मांडली, मग उचलली.
म्हटलं, माहीत आहे. खरं तर माहीत नव्हतं.

२३ मार्च, रविवार, सकाळी
बायकोला सुट्टी. झोप झालेली. खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, आणलीत ना एकदाची? आता वाजवा.
वाजवली. प्लग न लावता. खोलीभर आवाज. ती म्हणाली, खरंच छान आहे हो. पुढचं वाजवा.
पुढचं मला येत नाही. तिथून पुढे नेहमी बाकीचे सुरू व्हायचे.