जखम भरेपर्यंत

९ जानेवारी

पोहोचलो. पाऊस आहे, म्हणजे सगळं यथास्थित आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या या ऑलिंपिक द्वीपकल्पावर जानेवारीत ऊन पडलं तर लोक बायबल उघडतात. हिवाळी स्टीलहेड माशाच्या शिकारीवर लिहायला टॅकोमाच्या साप्ताहिकाने मला महिनाभर इथे धाडलंय. संपादकांना माझ्या मत्स्यज्ञानाची खात्री आहे. मासे अजून अनभिज्ञ आहेत.

माझी वाटाडी वर्ना हॅस्कल. साठीची बाई, खांदे सुताराचे, जीभ न्हाव्याची. नदीकाठच्या तिच्या घरात मागची खोली मिळाली. जेवायला हरणाच्या मांसाचा झणझणीत रस्सा आणि मक्याचा पाव. लहानपणी संस्कृत शिकलो असं बोलून गेलो, तेव्हापासून मी ‘प्रोफेसर’. म्हणाली, माशांना त्यातलं काही ऐकवू नका, आधीच गळाला लागत नाहीयेत.

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो आहे. ओरिन लाकूडतोड्या होता. यांत्रिक करवतीने त्याचा डावा कान अर्धा नेलेला. नदीत गेला, सापडला नाही. एवढं सांगून ती भांडी घासायला उठली.

१० जानेवारी

आज धर्मशास्त्र शिकलो. सरकारी तळ्यात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा इवला पर कापून त्यांना नदीत सोडतात. पर कापलेला दिसला तर मासा आपला. शाबूत असेल तर तो रानचा, नदीतच जन्मलेला, सोडून द्यायचा. आणि कापलेल्या जागी ताजी जखम असली तरी सोडायचा, कारण चोर लोक रानच्या माशाचा पर जागेवरच कापून साळसूदपणा करतात. जखम भरलेली हवी.

होडीत माझ्याबरोबर स्पोकेनचे दंतवैद्य प्रुइट होते. त्यांना रानचा मासा लागला. फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर काढू म्हणाले, तर वर्नाने त्यांना असं झापलं की ते पेशंटसारखे आ वासून बसले. मग तिने एका हाताने शेपटीचा बुंधा धरला, दुसरा पोटाखाली घातला आणि तोंड प्रवाहाकडे करून माशाला तसंच धरून ठेवलं. त्याच्यात जीव आला तशी मूठ सोडली. सुईणीच्या हाताने.

मग माझा पराक्रम. गळाचा उलटा काटा आधी चिमट्याने दाबून टाकायचा, हे इथलं शेंबडं पोरही विसरत नाही. मी विसरलो. काठी मागे घेऊन गळ फेकला आणि त्याने माझ्याच डाव्या कानाची पाळी पकडली. काटा दाबलेला असता तर गळ अलगद निघाला असता. तो पाळीचा लचका घेऊन निघाला. प्रुइट खिदळत म्हणाले, की अहो प्रोफेसर, आता तुम्ही सरकारी तळ्यातले, तुम्हाला घरी न्यायला कुणाची हरकत नाही! मीही हसलो.

वर्ना हसली नाही. माझं रक्त पाण्यात ठिबकत होतं तिकडे बघत राहिली, मग वल्ही मारत सुटली.

१३ जानेवारी

कमरेएवढ्या पाण्यात पाय घसरला. क्षणभर पार खाली गेलो. कानाच्या जखमेवर काहीतरी टेकलं, झोंबलं, आणि मी उथळात ढकलला गेलो. प्रवाह असणार.

वर्नाने एकच विचारलं, की रक्त येत होतं का. येत होतं. मग बरं झालं, म्हणाली. सांत्वनाची ही पद्धत मला नवीन आहे. मी कानाला इमानाने मलम लावतोय.

१७ जानेवारी

प्रुइट होडीतून पडले. बराच वेळ दिसले नाहीत. सापडले ते वळणापलीकडच्या उथळात, पालथे, तोंड प्रवाहाकडे. जिवंत.

गाडीत दातांवर दात आपटत सांगत होते. कुणीतरी पोटाखाली हात घातला. दुसऱ्या हाताने दोन्ही घोटे धरले. त्याआधी एक बोट कानांवरून फिरवलं, आधी उजव्या, मग डाव्या. सावकाश. वर्ना पर तपासते तसं, म्हणाले. घोट्यांवर निळ्या खुणा आहेत. ती बोटं मोजावीशी वाटली नाहीत. काठ्याही न घेता ते स्पोकेनला निघून गेले.

मग वर्ना बोलली. कान कापल्यावर ओरिन दोनदा नदीत पडला, दोन्ही वेळा नदीने परत दिला. तेव्हा जखम ओली होती. तिसऱ्यांदा भरलेली होती. आपलाच भ्रम असेल म्हणून इतके दिवस ती गप्प राहिली. रागवावंसं वाटलं, पण तिच्याकडे बघवेना. सकाळी निघा म्हणाली.

१८ जानेवारी

रात्रीच्या पावसात बाहेर जायचा एकुलता पूल वाहून गेला. पाणी अंगणात. आरशात पाहिलं तर खपली धरलीय. माझ्या जखमा लवकर भरतात, आईला त्याचा अभिमान होता. मलम फेकून दिलं. खपली नखाने काढली. रक्त आलं.

थोडंच.

१९ जानेवारी

वर्ना होडी घेऊन मदत आणायला गेली. तिचे दोन्ही कान शाबूत, तिला नदी परत देईल. मला होडीत घ्यायला तयार नाही. घरातच थांबा प्रोफेसर, पाण्याला पाय लावू नका, म्हणाली. पायरी बुडाली. खपली पुन्हा काढली. खाली गुलाबी कातडी — नवी —

पाठ असलेलं स्तोत्र म्हणायला घेतलं. तिसरी ओळ आठवत नाही.

२० जानेवारी

दुपार. पाणी खोलीत. टेबलावर बसलोय, पाय वर घेऊन. दूर वल्ह्यांचा आवाज, वर्ना हाक मारतेय — येतेय — जवळच —

खाली पाणी हललं. वारा नाही.

उजव्या कानाला गार. बोट. वरून पाळीपर्यंत. घाई नाही.

आता डावा — नखाने ओरबाडतोय — रक्त — येत नाही — कोरडी आहे, गुळगुळीत, छान भर —