आईने घातलेली कडी

रविवार, संध्याकाळ

हुश्श. मेंढ्या ठीक आहेत.

दुपारी आईला आमच्या अकरा घरांच्या गावामागे फिरायला नेलं. शेताचं फाटक उघडं दिसताच तिने कडी घातली. "असं उघडं टाकून जातात का कुणी?" मलाही पटलं. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, इथे फाटक दिसेल तसंच ठेवायचं. मेंढ्यांचं पाणी पलीकडच्या शेतात आहे. एवढ्या उन्हात? मी पळतच गेले, डोक्यात ती कडी.

शेतकऱ्याने फाटक उघडलं होतं, मेंढ्या पाणी पीत होत्या. मी सॉरी म्हटलं. तो हसला. "लोक उघडं टाकतात म्हणून मी ओरडत असतो. बंद करणारं पहिल्यांदाच भेटलं."

आईला सांगितलं. ती आमच्या बागेच्या फाटकाची कडी लागली आहे ना, ते बघायला उठली.