फोर्ड नव्हे, मॅक कोनह्नावा

मी, ब्रिजीद, वय एकाहत्तर, राहणार ड्रमकीरनजवळ, अ‍ॅलन सरोवराच्या काठी, लीट्रिम, आयर्लंड. छाती पाण्याने भरत चालली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. पुढील मजकूर मी स्वतःच्या मर्जीने सांगत असून वकील श्री. रेगन तो लिहून घेत आहेत.

१. आमचे आडनाव मॅक कोनह्नावा; बायकांनी 'मॅक'च्या जागी 'निक' म्हणायचे. अर्थ, पोहणाऱ्या शिकारी कुत्र्याचा वंशज. आमच्यात शूर माणसाला शिकारी कुत्रा म्हणणे हा मान होता. आजोबांच्या वेळी इंग्रज कारकुनाला नावाचा शेवट नदीच्या उताराच्या, म्हणजे पायी पार करायच्या जागेच्या, आयरिश शब्दासारखा ऐकू आला. त्याने दस्तात उताराचा इंग्रजी शब्द, 'फोर्ड', लिहून टाकला. पोहणाऱ्यांना त्याने पायी पार जायला लावले.

२. माझा धाकटा भाऊ फेलिम बर्मिंगहॅमला रस्त्याच्या कामावर गेला. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "ताई, मुकादमाची जीभच वळत नाही गं. हजेरीला फोर्ड म्हटलं की काम मिळतं." पुढच्या हिवाळ्यात खणलेल्या चराची माती त्याच्या अंगावर कोसळली. चुलतभाऊ पॅदर त्याच्याबरोबरच कामाला होता. तो फेलिमचा कोट घेऊन आला. पुरला कुठे, विचारले तर म्हणे, "गर्दी होती, पाऊस होता. कुठला कोपरा ते आता काय सांगू?"

मी एकटी बर्मिंगहॅमला गेले. दफनभूमीतला माणूस भला होता. म्हणाला, "आजी, इथे फोर्ड ढीगभर आहेत. तुमचा कोणता?" मी खरे नाव सांगितले. त्याने नकारार्थी मान हलवली. मग मी ओळीओळीने फिरत फेलिमला हाका मारल्या. लोक बघत होते. बघू देत.

३. म्हणून घर, गायी व कुरण विकून येणारी सर्व रक्कम शेजारची न्यूला मॅकमॉरो हिच्याकडे द्यावी. तिने फेलिमचा शोध घ्यावा आणि पूर्ण नाव कोरलेला दगड उभा करावा. जागा नाहीच सापडली, तर दगड दफनभूमीच्या दारात लावू द्या म्हणून पाया पडावे. न्यूला, पोरी, मला दुसरे कोणी नाही गं.

४. पॅदरला काहीही देऊ नये. कोटसुद्धा नाही.

५. सहीची वेळ आली तेव्हा रेगनसाहेबांनी माझा हात धरला. "बाई, घर दस्तात ब्रिजिट फोर्डच्या नावावर आहे. तुम्ही दुसरं नाव घातलंत तर पॅदर कोर्टात जाईल, आणि वारस म्हणून घर त्यालाच मिळेल."

"दोन्ही नावं घालू?"

"धोका नको."

साक्षीला आलेले फादर म्हणाले, "ब्रिजीद, देवाला तुझं नाव ठाऊक आहे."

मी म्हटले, "देवाला दगड कोरायचा नाहीये, फादर."

जन्मभर जे नाव मी कागदावर लिहिले नाही, ते आज लिहिते आहे. फेलिमचे खरे नाव दगडावर यावे, एवढ्याचसाठी.

सही : ब्रिजिट फोर्ड

आमच्यासमक्ष सही केली. सही करताना त्या रडत होत्या, परंतु पूर्ण शुद्धीवर होत्या :
फादर ओवेन मॅकटिअरनन
माइरेड गिलरेन, परिचारिका

ड्रमकीरन, १९ फेब्रुवारी १९६१